खेळाडूला पुन्हा उभा करणारा माणूस

मुलांनो, टी.व्ही.वर क्रिकेटचा सामना तुम्ही पाहताच. फलंदाज मांडी धरून खाली बसला, की एक माणूस पिशवी घेऊन धावत मैदानात येतो. पाय वाकवून पाहतो, ताणून पाहतो, पट्टी बांधतो. सातवीच्या मुलांनी मला विचारले, "गुरुजी, हा डॉक्टर असते का जी?" म्हणून हा लेख लिहीत आहे.

तो बहुधा फिजिओथेरपिस्ट असतो. पुस्तकात भौतिकोपचार तज्ज्ञ असा शब्द आहे, पण दवाखान्यात सगळे फिजिओच म्हणतात. डॉक्टर दुखणे ओळखतो, औषध देतो, वेळ पडली तर शस्त्रक्रिया करतो. फिजिओ हाताने आणि व्यायामाने सांध्याची हालचाल व स्नायूंची ताकद परत आणतो. मोठ्या संघात दोघेही लागतात.

असा माणूस स्वतः खेळलेला असला तर फार फरक पडतो. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस असेच. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये भारताने हॉलंडला २-१ असे हरवून हॉकीचे कांस्यपदक मिळवले, त्या संघात ते होते. खेळ संपल्यावर त्यांनी क्रीडावैद्यक धरले. ते भारताच्या डेव्हिस करंडक टेनिस संघाचे डॉक्टर झाले. त्यांचा मुलगा लिएंडर याने १९९६ साली अटलांटाला टेनिसचे कांस्यपदक मिळवले. एकाच घरात दोन ऑलिंपिक पदके! डॉ. पेस २०२५ मध्ये वारले. ते डॉक्टर होते, फिजिओ नव्हते. पण जखमी खेळाडूला मैदानावर परत आणायचे, हे काम दोघांचेही.

खेळलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खेळाडू दुखणे लपवतो. आपल्या केंद्राच्या क्रीडा संमेलनातच पाहा ना. कबड्डीत पाय मुरगळला, तरी पोरगं म्हणते, "काही नाही झालं जी, खेळतो मी." जाणता माणूस त्याच्या बोलण्यावर जात नाही. तो कोणत्या पायावर भार देतो, ते पाहतो.

आता पाय मुरगळतो म्हणजे काय? घोट्याची हाडे एकमेकांना चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. पाय वळला की पट्टा ताणतो, थोडा फाटतो, आत रक्त साचते आणि सूज येते. आपल्याकडे लगेच तेल लावून करकचून चोळतात, गरम शेकतात. पहिले दोन-तीन दिवस हे करू नये, सूज वाढते. गार पाण्याची पट्टी ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर फोटो काढायला दवाखान्यात न्यावे, हाड मोडलेले असू शकते.

दुखणे उतरले, की फिजिओचे खरे काम सुरू होते. आधी पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढायची. (आपली बाराखडी चालेल!) मग टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभे राहायचे, जमले की डोळे मिटून. याचे कारण मोठे गमतीचे आहे. पाय कसा ठेवला आहे, ही खबर घोट्यातल्या नसा मेंदूला देत असतात. दुखापतीनंतर ही खबर नीट जात नाही, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. डोळे मिटून तोल सांभाळला की ती सवय परत लागते. शेवटी लंगडी, धावणे आणि धावता धावता एकदम वळणे. हे सगळे दुखल्याशिवाय जमले, तरच खेळाडू मैदानात. मोठ्या खेळाडूलाही यातली एक पायरी गाळू देत नाहीत, मग उद्या अंतिम सामना का असेना.

ही विद्या फक्त खेळाडूंची नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये ती शिकवतात. बारावीला विज्ञान घ्यावे लागते. रोवण्याच्या दिवसांत आपल्या आया दिवसभर चिखलात वाकून असतात आणि रात्री कंबर धरून बसतात. फिजिओ त्यांना सांगेल: थोड्या थोड्या वेळाने बांधावर सरळ उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच-सहा वेळा हळूच मागे वाका.