जॉब गार होऊ दे

पहाटे काळेवाडीत पाचपीर चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत दूधवाल्याच्याही आधी कंपनीची माणसं बाहेर पडतात. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा. पवनेच्या पलीकडे पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरत गेले. आम्ही लातूर, बीड, बुलढाणा, जळगावकडची पोरं त्या कारखान्यांमागून आलो आणि नदीच्या अलीकडे भाड्याच्या खोल्यांत राहिलो. मी आयटीआय मशिनिस्ट. आज चाकणच्या एका कारखान्यात लाईन इन्स्पेक्टर आहे.

गावी गेलो की पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा फ्लॅटचा. दोन्ही रास्तच आहेत. पण इतक्या वर्षांत मी काय शिकलो, हे कुणी विचारलं तर मी मायक्रोमीटरची गोष्ट सांगेन.

सुरुवातीला मी सीएनसी लेथवर होतो. आमचे सेटर वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मशीनमधून जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, निघाला की कुलंट पुसून मी लगेच मायक्रोमीटर लावायचो. मामांनी एकदा माझा हात धरला. म्हणाले, ‘‘आत्ता नको. गार होऊ दे. गरम जॉब खोटं बोलतो.’’

यामागे साधं शास्त्र आहे. पोलाद तापलं की वाढतं. शंभर मिलिमीटर व्यासाचा जॉब दहा अंशांनी तापला, तर त्याचं माप अकरा-बारा मायक्रॉनने जास्त येतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही वाढ डोळ्याला दिसण्यातली नाही. पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरकच, वीस मायक्रॉनचा असेल, तर निम्म्याहून जास्त तिथेच संपला. गरम मापावर विश्वास ठेवून मशीनचा ऑफसेट बदलून जास्त कापलं, तर जॉब गार झाल्यावर बारीक भरतो आणि बारीक झालेला जॉब पुन्हा जाड करता येत नाही. म्हणून 1931 पासून जगभर लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरली जातात. हाताच्या उबेनेही फरक पडतो. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या याचसाठी. तिथेच धरायचं, शेवटी रॅचेट हलकेच फिरवायचं, जोर लावायचा नाही.

कंपनीतली ही सवय घरात कधी शिरली, ते कळलं नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये डोकं तापलेलं असतं. कुणीतरी काही बोललेलं असतं, रिजेक्शन कुणाच्या तरी माथी मारलेलं असतं. पूर्वी मोशीजवळ इंद्रायणी ओलांडेपर्यंत ग्रुपवर उत्तर टाकून मोकळा व्हायचो. आता फोन सॅकमध्ये जातो. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर रात्री बारा वाजता बोलायचं नाही, हेही मी ठरवून टाकलंय. सकाळी तेच मार्क बघताना गणितात ती नेमकी कुठे अडते ते दिसतं, रात्री फक्त आकडा दिसतो. माझ्या मते माणूस वाढतो तो असा.

आमच्या शॉपमध्ये कायझेनचे फलक आहेत, ट्रेनिंगचे वर्ग होतात. त्यांची गरज आहेच. पण ‘आत्ता नको’ म्हणत हात धरणारं माणूस शेजारी उभं असावं लागतं आणि ते आता कमी होत चाललंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ट्रेनी म्हणून, ठेकेदाराकडून पोरं येतात. पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शनचा आकडा त्यांच्या डोक्यावर बसतो. बटण दाबणं, जॉब काढणं, जॉब लावणं एवढंच करून काही महिन्यांत ती दुसऱ्या गेटवर उभी राहतात. हुशार पोरं आहेत. त्यांना कामाची कारणं कुणी सांगत नाही.

म्हणून काळेवाडी, थेरगाव, रहाटणीतून रोज बस धरणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांना एक विनंती आहे. तुमच्या लाईनवर नवा ट्रेनी आला असेल तर शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं त्याच्याजवळ थांबा. मायक्रोमीटर त्याच्या हातात द्या. एकच जॉब आधी गरम असताना आणि मग गार झाल्यावर त्यालाच मोजू द्या.