पंखावरचे हिम आणि विजेचा हिशेब

पावसाने पाठ फिरवलेल्या २०१५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टात, मराठवाड्यातील आमच्या शहराच्या विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर डॉप्लर रडार बसवून चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून कृत्रिम पर्जन्याच्या मोहिमेची विमाने ढगांच्या शोधार्थ उडाली, हे येथील पुष्कळांच्या स्मरणात असेल. ढगाच्या वरच्या थरांत पाणी शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही पुष्कळदा द्रवरूपच राहते. त्या अतिशीत थेंबांना हिमस्फटिकाचे रूप देण्याचे सामर्थ्य सिल्व्हर आयोडाइडच्या कणांत आहे, हे बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले, आणि तेव्हापासून आयोडाइड वापरणाऱ्या मोहिमांचा भरवसा त्या थेंबांवर आहे. परंतु आयोडाइडचा कण भेटो वा विमानाचा पंख, थेंबाला गोठण्यास आधार तेवढा हवा असतो. शेतकऱ्याला जे पाणी हवेसे वाटते तेच वैमानिकाला भयावह ठरते, ते या कारणाने. म्हणूनच २०१९ च्या मोहिमेत उडालेल्या किंग एअर जातीच्या विमानांच्या पंखांच्या पुढल्या कडेवर, हवा भरताच फुगून साचलेले हिम फोडणारे रबरी पट्टे असतात.

हिमाचे वजन हा त्यातला लहान दोष होय. पंखाची कमान बिघडते, हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, आणि वैमानिकाच्या अंगवळणी पडलेल्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वेगावरच विमानाची उचल ढासळते. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील रोझलॉन गावाजवळ एटीआर-७२ विमान कोसळून त्यातील सर्व ६८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा रबरी पट्टे असूनही हिम त्यांच्या मागे, पट्ट्यांचा अंमल जेथे संपतो तेथे, साचले होते.

यावर दुसरा उपाय ब्रिटनने महायुद्धकाळात सिद्ध केला: पंखाच्या कडेतील सूक्ष्म छिद्रांतून ग्लायकोलयुक्त द्रव पाझरत ठेवणे. तिसरा उपाय विजेचा. लॅन्केअर ही मूळची घरी जुळवावयाच्या विमानांचे संच विकणारी अमेरिकी कंपनी. तिच्याच वंशातून निघालेल्या कोलंबिया विमानांच्या पंखांना ग्रॅफाइटचे पातळ, विजेने तापणारे थर चिकटविण्याची सोय झाली. पुढे बोइंग ७८७ सारख्या महाकाय विमानानेही पंखांसाठी विजेचाच मार्ग पत्करला.

स्वहस्ते विमान बांधणाऱ्यास हा मार्ग साहजिकच मोहक वाटतो. कारण रबराचा फुगवटा नाही, द्रवाची टाकी नाही, आणि कड जवळपास गुळगुळीत राहते. परंतु पहिला प्रश्न उभा राहतो तो विजेचा. आठ मीटर पंखाची साडेबारा सेंटिमीटर रुंद कड धरली तर क्षेत्र एक चौरस मीटर होते. तीवर एक मिलिमीटर हिम साचले तर त्याचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते, आणि ते वितळविण्यास साधारण ३०० किलोजूल उष्णता लागते. चौदा व्होल्टचे, साठ अँपिअरचे जनित्र आपली सगळी वीज, म्हणजे ८४० वॉट, यात ओतील, तरी वाऱ्याने हिरावलेली उष्णता जमेस न धरताही सहा मिनिटे लागतील; आणि पुष्कळ हलक्या विमानांत असणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे अंगभूत जनित्र तर अवघ्या २५० वॉटांच्या आसपासचे! यातून वाट निघते ती अशी, की सगळे हिम न वितळविता पंखाला चिकटलेला त्याचा केसाएवढा थर तेवढा वितळवावा आणि उरलेले वाऱ्याने उडवून न्यावे. पंखाचे भाग पाडून एकेका भागाला आळीपाळीने थोडे सेकंद वीज द्यावी. यासाठी स्वतंत्र जनित्र, नियंत्रक, जाड तारा आणि त्या साऱ्यांचे वजन पत्करावे लागते.

यंत्रणा बसवून झाली तरी काळजी सरत नाही. वितळलेले पाणी मागे वाहत जाऊन न तापलेल्या भागावर पुन्हा गोठते. विमान तंतुमय संयुक्त द्रव्याचे असेल, तर उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास त्यातील रेझिन मऊ पडते. शिवाय शेपटीचा आडवा पंख पातळ असल्याने त्यावर हिम मुख्य पंखाआधी धरते. तेव्हा मुख्य पंख तापवून शेपूट उघडी ठेवणे ही अर्धीच तजवीज होय. हिमात उडण्याचा परवाना मिळालेल्या विमानाची तशी परीक्षा झालेली असते. घरी बांधलेल्या विमानाचा मालक हाच त्याचा रचनाकार आणि परीक्षक असतो, म्हणून प्रमाणपत्राची उणीव त्याला स्वतःच्या विवेकाने भरून काढावी लागते.

आपल्याकडे हा उद्योग कोणी करणार नाही, असे समजणे चूक आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि २०२० मध्ये धुळ्यास त्याची उड्डाणचाचणी झाली. अशा धडपडणाऱ्याने मराठवाड्याच्या आकाशापुरते पाहिले, तर पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरांच्या आसपास असते आणि प्राणवायूच्या सोयीवाचून उडणारे छोटे विमान तीन किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाही. येथे पंख तापविण्याचा खर्च अनाठायी ठरेल, आणि तेच वजन इंधनाला द्यावे हे शहाणपणाचे. वेगमापक नळीची उष्णता मात्र प्रथम साधावी, कारण ती गोठली तर वैमानिकाची वेगाची जाणीवच हरपते. ज्याला उत्तरेच्या हिवाळ्यात, डोंगराळ मुलखात उडावयाचे आहे त्याने विजेची यंत्रणा जरूर बसवावी. मात्र हिमाचा पहिला पापुद्रा दिसताच उबदार थराकडे वळण्यास मिळालेली मुदत, एवढाच तिचा अर्थ समजावा. त्या मुदतीत तो ढगाबाहेर पडला, तर यंत्रणेवर केलेला सारा खर्च वसूल झाला.