लाईट गेली की आधी पंखा बंद करा!

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय साधा आहे, मेणबत्ती. हसू नका, आधी ऐका.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भवानी पेठेत रात्री लाईट गेली. मोबाईलची बॅटरी संपत आलेली, म्हणून मेणबत्ती लावली. कुठे? प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर, मेणाचे दोन थेंब टाकून चिकटवली. मग आपण सगळेच करतो तेच केलं. "आपलीच गेली का सगळ्यांची?" हे बघायला खाली उतरलो. आजी आत बाजेवर झोपलेली.

दहा मिनिटांत लाईट आली. आणि पंखा, ज्याचं बटण मी चालूच ठेवलं होतं, गरागरा फिरायला लागला. दोरीवरचा टॉवेल उडून थेट ज्योतीवर. वर आलो तेव्हा टॉवेल पेटलेला आणि खालचं झाकण वितळून टेबलावर पसरलेलं. बादलीभर पाणी ओतलं, विझलं. आजीला खरचटलंसुद्धा नाही. पण अजून दोन मिनिटं मी खाली गप्पा मारत थांबलो असतो तर?

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. मेणबत्तीत नुसती वात जळत नाही. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या बाजूला हात धरला तर जरा ऊब लागते, पण वर धरला तर चटका बसतो, कारण गरम हवा सरळ वर जाते. म्हणून कपाटाच्या फळीखाली किंवा कपड्यांच्या दोरीखाली मेणबत्ती नकोच.

त्यात आपण सोलापूरकर! घरात चादरी, टॉवेल, कुणाकडे माग, कुणाकडे सुताची पोती. टॉवेलच्या लूपमध्ये हवा असते, त्यामुळे तो भराभर पेटतो. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेली आग आठवते ना? आठ जणांचा जीव गेला. ती मेणबत्तीने लागली नव्हती, पण सूत आणि कापड पेटल्यावर किती कमी वेळ मिळतो, हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

तर लक्षात ठेवा:

लाईट गेली की पहिलं काम, पंख्याचं बटण बंद.

मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत किंवा वाळू भरलेल्या वाटीत उभी करा. प्लास्टिकवर, टीव्हीवर, गादीवर नाही. चारी बाजूंनी किमान एक फूट आणि वर तीन फूट जागा मोकळी हवी.

खोलीतून बाहेर पडताय? विझवा. झोप येतेय? विझवा. लहान पोरं किंवा मांजर असेल तर लावूच नका.

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, लाईटचं बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि आपण बाहेर.

वितळलेलं मेण पेटलं तर पाणी टाकू नका, पेटतं मेण उडतं. वरून स्टीलचं झाकण घाला.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. टूथपेस्ट नको, बर्फ नको.

आग वाढली तर व्हिडिओ नंतर. आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 लावा.

आणि हो, केकवरची ठिणग्या उडवणारी मेणबत्ती. ती मेणबत्ती कसली, फटाकाच आहे तो! 8 डिसेंबर 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात अशाच मेणबत्त्या बनवताना आग लागली आणि कामावरच्या बायका जिवाला मुकल्या. ती केसांजवळ, फुग्यांजवळ, फोमच्या स्प्रेजवळ धरू नका.

आमच्याकडे आता दीडशे-दोनशे रुपयांचा चार्जिंगचा दिवा दाराजवळ टांगलाय. तरी लाईट गेली की आजी अंधारातून ओरडते, "आधी पंखा बंद कर बाळा!"

तुमच्या घरी हे कोण ओरडणार, ते आजच ठरवा. भेटू पुढच्या भागात!