आकडे तेच, नव्वदावा पर्सेंटाइल मात्र तीन ठिकाणी

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी एक गैरसमज हमखास होतो. ‘पोराला ९० मिळाले’ असे कोणी सांगितले की ऐकणारा ते ९० टक्के गुण समजतो. खरे तर ते ९० पर्सेंटाइल असतात. म्हणजे त्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर १०० जणांपैकी ९० जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. त्यामुळे नुसत्या गुणांपेक्षा रांगेतली जागा पाहणे अधिक न्याय्य ठरते.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात ९,३३७ लोकांची उंची, वजन, हाताच्या पकडीची ताकद अशी मोजमापे घेतली. त्यांचे निष्कर्ष मांडताना १८८५ मध्ये त्यांनी ‘पर्सेंटाइल’ हा शब्द वापरला. तेव्हा हे काम कागदावर चालायचे. आज स्प्रेडशीटच्या एका सेलमध्ये सूत्र लिहिले की उत्तर हजर.

पण कोणते उत्तर?

समजा, एका वर्गातल्या दहा विद्यार्थ्यांचे गुण चढत्या क्रमाने असे आहेत: ३५, ४२, ४८, ५१, ५६, ६०, ६७, ७३, ८१, ९२. यातला नव्वदावा पर्सेंटाइल काढायचा आहे. एक्सेलमध्ये पर्सेंटाइल.आयएनसी हे फंक्शन वापरले तर उत्तर येते ८२.१. त्याच्याच शेजारचे पर्सेंटाइल.ईएक्ससी वापरले तर ९०.९. आणि ‘दहातला नववा’ असा साधा हिशेब केला तर ८१. चूक यांपैकी कोणाचीच नाही.

फरक पडतो तो जागा ठरवण्यात. आयएनसी सर्वांत लहान आकड्याला शून्यावा आणि सर्वांत मोठ्याला शंभरावा पर्सेंटाइल मानते. दहा आकड्यांमध्ये नऊ अंतरे असतात. त्यामुळे ०.९ गुणिले ९, अधिक १, म्हणजे ९.१ ही जागा मिळते. नवव्या आणि दहाव्या जागेवरच्या ८१ आणि ९२ मध्ये ११ गुणांचे अंतर आहे, त्याचा दहावा भाग पुढे गेले की ८२.१. ईएक्ससी मात्र हाती असलेले आकडे मोठ्या समूहातला नमुना आहेत असे धरते आणि दोन्ही टोकांपलीकडेही जागा सोडते. तिथे ०.९ गुणिले ११, म्हणजे ९.९ ही जागा येते आणि उत्तर थेट ९०.९ वर पोहोचते. याच दहा आकड्यांचा पंचाण्णवावा पर्सेंटाइल विचारला, तर ईएक्ससीच्या हिशेबाने जागा १०.४५ निघते. अकरावा आकडाच नाही, म्हणून सेलमध्ये चूक दाखवली जाते. आयएनसी मात्र ८७.०५ हे उत्तर देते.

ही दोन नावे एक्सेलमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आली. जुने पर्सेंटाइल हे फंक्शन आजही चालते आणि ते आयएनसीसारखेच वागते; गूगल शीट्समध्येही तसेच. संख्याशास्त्राच्या ‘आर’ या भाषेची मूळ निवडही हीच. मिनिटॅब आणि एसपीएसएस मात्र ईएक्ससीच्या वाटेने जातात. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या अशा पद्धती तपासल्या, तेव्हा त्यांना एक-दोन नव्हे, नऊ व्याख्या मांडाव्या लागल्या.

उलटा प्रश्नही विचारता येतो: ८१ गुणांची जागा कोणती? पर्सेंटरँक.आयएनसी सांगते ०.८८८, कारण त्या मुलाच्या खाली आठ जण आहेत आणि त्याला भागाकार नऊचा. सीईटीच्या सूत्रात तो स्वतःही मोजला जातो. दहापैकी नऊ, म्हणून ९०.

लाखो परीक्षार्थी असतील तर शेजारशेजारचे आकडे इतके जवळ येतात, की दोन फंक्शनांमधला फरक जवळजवळ पुसला जातो. आकडे थोडे असले की तो डोळ्यांत भरतो. एखाद्या गावाच्या ३० वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेतल्या, तर पंचाण्णवावा पर्सेंटाइल आयएनसीनुसार २८.५५ व्या जागेवर येतो, तर ईएक्ससीनुसार २९.४५ व्या. अतिवृष्टीची वर्षे याच टोकाला असतात आणि त्यांच्यातली दरी कित्येकदा शेकडो मिलिमीटरची असते. त्या आकड्यावरून पुलाखालच्या मोरीचा आकार ठरणार असेल, तर अहवालात मिलिमीटरसोबत फंक्शनचे नावही छापले पाहिजे.