पवळ्याला गुण लागतो कसा?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की नाशिकच्या विभागीय मंडळात भरारी पथकांची जुळवाजुळव सुरू होते. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांतली परीक्षा केंद्रं या मंडळाच्या अखत्यारीत येतात. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियानही असतं. तरी काही केंद्रांना ‘संवेदनशील’ म्हणून वेगळं काढावं लागतं. २०२५ च्या परीक्षेआधी तर पूर्वी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांतले पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णय झाला. एकाच तालुक्यात, एकाच अभ्यासक्रमावर वाढलेली मुलं. मग एका केंद्रावर शुकशुकाट आणि दुसऱ्यावर खिडकीतून चिठ्ठ्या, हा फरक येतो कुठून?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असं आपण म्हणत आलो आहोत. हा गुण किती लागतो, कसा लागतो आणि कुठे अडवता येतो, याचा शोध संशोधक गेली काही दशकं घेत आहेत.

‘किती’चं एक उत्तर २००८ मध्ये मिळालं. स्कॉट कॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन लष्करी अकादमींमधल्या १९५९ ते २००२ पर्यंतच्या तुकड्यांची माहिती तपासली. आपण परीक्षेत लबाडी केली होती का, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलं होतं. हिशेब असा निघाला की तुकडीत लबाडी करणारे शंभर जण वाढले, तर त्यांच्या संगतीनं आणखी ६१ ते ७५ नवे तयार होतात. जिथे सचोटीची शपथ घ्यावी लागते, तिथली ही गत.

‘कसा’ हे समजायला मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये मांडलेलं गणित उपयोगी पडतं. आपण ते साठ मुलांच्या वर्गाला लावून पाहू. प्रत्येक मुलाच्या मनात एक आकडा आहे: इतक्या जणांनी कॉपी केलेली दिसली की मीही करीन. एकाचा आकडा शून्य, म्हणजे तो कुणाची वाट पाहत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा एकोणसाठ. शून्यवाला चिठ्ठी काढतो. त्याला पाहून एकवाल्याचा धीर वाढतो, त्या दोघांना पाहून दोनवाल्याचा. पेपर संपेपर्यंत अख्खा वर्ग त्यात सामील होतो. आता एकच बदल करा. ज्याचा आकडा एक होता, त्याच्या जागी दोनचा आकडा असलेला मुलगा बसवा. शून्यवाला कॉपी करतोच, पण एकट्याला पाहून हात पुढे करणारं आता कुणी नाही. साखळी तिथेच तुटते. बाकीची ५९ मुलं तीच आहेत, पण कॉपी करणारे एका वर्गात साठ आणि दुसऱ्यात फक्त एक.

शिक्षकांच्या खोलीत आपण सहज म्हणतो, ‘ही तुकडीच वाया गेलेली आहे.’ हे गणित सांगतं की तसं म्हणायची घाई करू नये. सुरुवातीच्या एका-दोघांकडे कानाडोळा झाला, एवढ्यावरही दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

शिवाय मुलं जे मोजतात त्यात डोळ्यांना दिसलेलं असतं, तसं कानांवर आलेलंही असतं. ‘सगळेच करतात’ ही अफवाही आपलं काम करते. डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ३१ संस्थांमधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. लबाडीशी सर्वांत घट्ट नातं आढळलं ते एका गोष्टीचं: बरोबरीची मुलं काय करतात याबद्दलची विद्यार्थ्यांची समजूत.

मोठ्यांनी दुर्लक्ष केलं की नेमकं या समजुतीला खतपाणी मिळतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात कीस कायझर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. टपालपेटीच्या तोंडाशी एक पाकीट अडकवलेलं, आत पाच युरोची नोट दिसतेय. पेटी आणि परिसर स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी पाकीट लांबवलं. पेटीवर रेघोट्या मारून ठेवल्यावर हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं, भोवती कचरा टाकल्यावर २५ टक्क्यांवर. रेघोट्यांचा आणि चोरीचा तसा काही संबंध नाही. पण इथे नियम मोडला तरी कुणी विचारत नाही, एवढा निरोप त्यातून पोचला आणि तेवढा पुरला.

मग छडी बाहेर काढायची का? आजवरच्या अभ्यासांचा कल ‘नाही’कडे आहे.

जेकब कूनिन हे डेट्रॉइटमधले मानसशास्त्रज्ञ. मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी टोकलं, तर ज्यांचा काही संबंध नव्हता तेही सावरून बसले. एकाला बोललेलं इतरांवर कसं उमटतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. बालवर्गांतल्या निरीक्षणात त्यांना आणि पॉल गंप यांना दिसलं की ‘काय करू नको आणि त्याऐवजी काय कर’ हे स्पष्ट सांगितलं तर पाहणारी मुलंही ऐकतात. दरडावलं, खेचलं तर मुलं जास्त शिस्तीत येत नाहीत, उलट बिथरतात. पुढे कूनिन यांनी वर्गांत कॅमेरे लावले. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा की शिक्षक कोणत्या सुरात रागावतात यावर वर्गाची शिस्त फारशी ठरत नाही. ती ठरते शिक्षकांच्या पाठीलाही डोळे आहेत की नाहीत यावर. जिथे वर्ग हाताबाहेर गेला, तिथे दोन चुका वारंवार दिसल्या: खोडी काढणारा सोडून भलत्यालाच धरणं, आणि खोडी चार बाकांपर्यंत पोचल्यावर जागं होणं.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. पहिल्याच चुकीला जबर शिक्षा, हे धोरण अमेरिकेनं राबवून पाहिलं. त्यानं शाळा अधिक शिस्तीच्या झाल्याचा पुरावा मिळत नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीनं २००८ मध्ये नमूद केलं.

खोडीमागचं कारणही पाहायला हवं. कॅरेल आणि मार्क होकस्ट्रा यांनी फ्लोरिडातल्या एका परगण्यात शाळांच्या नोंदी आणि घरगुती हिंसाचाराचे खटले जोडून पाहिले. हिंसाचाराच्या घरातलं मूल वर्गात असलं की सोबत्यांचेही गुण घसरतात. पण त्या घरातल्या कुणी न्यायालयात दाद मागितली की त्यानंतर हे नुकसान बरंच कमी होतं. वर्गाला त्रास होतो तो झाकून ठेवलेल्या दुःखाचा. त्या मुलाला वर्गाबाहेर काढून तो मिटत नाही.

साखळी उलटीही फिरते. नांदेडमध्ये २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीविरुद्ध मोहीम उघडली. पहिल्या वर्षी निकाल धाडकन खाली आला, तरी माघार घेतली नाही आणि पुढे राज्यानं तोच मार्ग धरला. इंडोनेशियात २०१५ पासून संगणकावर परीक्षा सुरू झाल्यावर तिथेही गुण आधी कोसळले, आणि दोनेक वर्षांत सावरले. आजूबाजूला संगणकावर परीक्षा घेणाऱ्या शाळा वाढल्या, तेव्हा कागदावर परीक्षा देणाऱ्या शाळांतलीही लबाडी कमी झाली.

सर्वांत आशादायक प्रयोग न्यू जर्सीतला. बेट्सी लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी ५६ शाळांमधल्या २४ हजारांवर विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही कुणाबरोबर वेळ घालवता? निम्म्या शाळांत मुलांचे छोटे गट निवडले आणि भांडणं, छळ यांविरुद्ध काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. वर्षभरात त्या शाळांतल्या भांडणांच्या नोंदी बाकीच्या शाळांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. ज्यांच्याकडे इतर मुलं पाहतात, असे विद्यार्थी गटात जास्त असले की परिणाम अधिक ठळक होता.

हे करायला नाशिकच्या कोणत्याही शाळेला मोठा निधी लागत नाही. मॉनिटर नेमताना पहिल्या नंबराबरोबर वर्ग कुणामागे जातो तेही पाहावं. नियम संस्थाचालकांच्या मुलाला आणि वाडीवरून चालत येणाऱ्या मुलाला एकच असावा. आणि जूनमध्ये शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला पहिला गृहपाठ दिसेल, तेव्हा ‘चालतंय’ म्हणून सही करू नये. त्या मुलाला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, विचारावं. त्याच्याशी बोललेली ती दोन मिनिटं उरलेल्या एकोणसाठ जणांच्याही कामी येतात.