पिल्लाला जंताचं औषध पाजताना

कुत्र्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध सुरू होतं आणि पुढे काही आठवडे दर पंधरा दिवसांनी द्यावं लागतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी पिल्लाचं वजन करा.

पातळ औषधाला सुई काढलेली सिरिंज घ्या. पिल्लू मांडीवर, टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळलेलं. समोरून थेट घशात पिचकारी कधीच नको! औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. ओठाच्या कोपऱ्यातून गाल आणि दातांच्या फटीत टोक सरकवा, मान वर न ताणता थोडं थोडं सोडा, गिळू द्या, मग पुढचं.

गोळीसाठी मला उकडलेलं चिकन सगळ्यात खात्रीचं वाटतं. पहिला घास रिकामा, दुसऱ्यात गोळी, लगेच तिसरा रिकामा. पुढच्या घासाच्या ओढीने पिल्लं मधला चावत बसत नाहीत. पीनट बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे डब्यावर वाचाच. ते कुत्र्यांना विषारी असतं.

नंतर शीमध्ये जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडतंय. औषध उलटून पडलं तर मात्र स्वतःहून दुसरा डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.