थाई आम्र-भात : निषेधाचे खरे कारण

गेल्या उन्हाळ्यात प्रमेहाच्या एका रुग्ण भगिनीने विचारले, ‘डॉक्टर, बँकॉकला आंब्याबरोबर नारळाच्या दुधातला भात खाल्ला होता. घरी केला तर चालेल ना?’ ‘दूध’ हा शब्द कानी पडताच मी ‘विरुद्धाहार’ म्हणून निषेध केला. पंधरा दिवसांनी त्यांची रक्तशर्करा वाढलेली आढळली. नारळाचे दूध वगळून त्या तोच भात आंब्यासह वाटीभर खात होत्या! दोष माझ्या सल्ल्याचा होता.

चरकसंहितेच्या आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात दुधाशी विरुद्ध द्रव्यांच्या यादीत आम्र आहे, तसेच नारिकेलही आहे. म्हणजे ग्रंथकारांच्या दृष्टीने नारळ हे फळच होय. त्याच्या रसाला आपण ‘दूध’ म्हटल्याने तो पयोवर्गात जात नाही. या पदार्थाचा विचार विरोधाने नव्हे, तर गुणांनी करावयास हवा. त्यासाठी कृती जाणणे अगत्याचे आहे.

‘खाव नियाव मामुआंग’ म्हणजे शब्दशः चिकट भात व आंबा. या तांदळातील स्टार्च जवळजवळ सर्वस्वी अमायलोपेक्टिन असतो. आपल्या इंद्रायणीने ते काम होत नाही. आसामचा बोरा तांदूळ मात्र चालतो.

२५० ग्रॅम तांदूळ धुऊन किमान चार तास भिजवावा व निथळून केवळ वाफेवर शिजवावा. थायलंडमध्ये अरुंद गळ्याच्या भांड्यावर बांबूची निमुळती टोपली ठेवतात. पाण्याचे पात्र, मुखावर बांधलेले वस्त्र, त्यावर द्रव्य आणि वर झाकण, हे आपले स्वेदनी यंत्रही त्याच तत्त्वाचे. घरी त्याच रीतीने सुमारे अर्ध्या तासात तांदूळ मऊ होतो.

२०० मिलि दाट नारळाचे दूध, ८० ग्रॅम साखर व अर्धा चमचा मीठ मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत तापवावे. खळखळून उकळल्यास ते फाटते. त्याचा तीन चतुर्थांश भाग गरम भातावर ओतून अर्धा तास झाकून ठेवावे. भात गार झाल्यावर ओतल्यास ते नीट मुरत नाही. उरलेले वरून घालून गोड, पक्व आंब्याच्या फोडी व भिजवून कोरडी भाजलेली मूगडाळ यांसह वाढावे. तेथे ‘नाम डोक माई’ आंबा घेतात. आपल्याकडे हापूस उत्तम.

हे अन्न मधुर, गुरु, स्निग्ध, पिच्छिल व कफवर्धक आहे. दीप्ताग्नी व्यक्तीने माध्यान्ही, भोजनानंतर नव्हे तर भोजनाच्याच मात्रेत धरून, अल्प प्रमाणात घ्यावे. मंदाग्नी, प्रतिश्याय व स्थौल्य असता टाळावे. प्रमेहात तर हा भात नारळाच्या दुधाविनाही अपथ्यच, कारण तो रक्तशर्करा वेगाने वाढवतो.

त्या भगिनींपाशी मी चूक कबूल केली. चुकीच्या कारणाने केलेला निषेध खऱ्या कारणावर पांघरूण घालतो; रुग्ण नेमके तेच खात राहतो, जे आपण सांगावयास विसरलो.